हरिश्चंद्र बिराजदार
हरिश्चंद्र बिराजदार (१९५०–२०११) हे लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगड (ता. निलंगा) येथील मल्ल व वस्ताद होते. १९६९ साली लातुरात त्यांनी महाराष्ट्र केसरी किताब, तर १९७० साली एडिनबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. कुस्तीशौकीन मात्र त्यांचे नाव प्रामुख्याने काढतात ते १९७७ साली बेळगावात सतपाल यांच्यावर मिळवलेल्या विजयासाठी. सतपाल यांनी १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावल्याने त्या विजयाचे मोल शौकिनांच्या लेखी अधिकच वाढले. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडवले. त्यांचे शिष्य राहुल आवारे यांनी २०१८ चे राष्ट्रकुल सुवर्णपदक दिवंगत गुरूंना अर्पण केले. त्यामुळे बेळगावच्या विजयापेक्षा त्यांचे वस्तादपणच थोर, असे मानणारेही आहेत.