‘शर्ली’ : नाव, धन आणि दानाचा अधिकार

धनिक तरुणी आणि तिने गरिबांना केलेले साहाय्य हा विषय अद्भुतरम्य कथेत सहसा नायिकेच्या कोमल अंतःकरणाचा दाखला म्हणून येतो. शार्लट ब्राँटे हिच्या ‘शर्ली’ या कादंबरीत मात्र तो अधिकाराचा प्रश्न म्हणून उभा राहतो. ही कादंबरी ऑक्टोबर १८४९ मध्ये ‘करर बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. पण तिचे कथानक १८११-१२ च्या यॉर्कशरमध्ये घडते. त्या काळी नेपोलियनशी युद्ध चालू होते. ब्रिटिश सरकारच्या व्यापारनिर्बंधांमुळे लोकरी कापडाचे परदेशी गिऱ्हाईक तुटले होते, आणि गिरण्यांत येणाऱ्या नव्या यंत्रांनी कामगारांच्या हातचे काम जात होते. एप्रिल १८१२ मध्ये यंत्रभंजक लडाइटांनी रॉफोल्ड्स येथील गिरणीवर रात्री हल्ला केला. कादंबरीतील ‘हॉलोज मिल’वरील हल्ला त्याच घटनेवर आधारलेला असून, लेखिकेने तपशिलासाठी ‘लीड्स मर्क्युरी’ या पत्राचे जुने अंक चाळले होते.

नायिका शर्ली कील्डर ही वर्षाला १,००० पौंड उत्पन्नाची जमीनदारीण. हॉलोज मिल तिच्याच मालकीची. गिरणीचालक रॉबर्ट मूर हा तिचा भाडेकरी. आईवडिलांना पुत्राची आशा होती. कन्या झाली तेव्हा पुत्रासाठी योजिलेले घराण्यातील नावच त्यांनी तिला दिले. ‘शर्ली’ हे तोवर पुरुषाचे नाव होते. ते पुढे स्त्रीनाम म्हणून रूढ झाले, त्याचा उगम या कादंबरीत आहे. नायिका स्वतःही थट्टेने ‘कॅप्टन कील्डर’ म्हणवून घेते. या थट्टेला अर्थ आहे. जमीन, गिरणी आणि भाडेकरी यांवर चालणारी सत्ता त्या समाजात पुरुषाची मानली जाई. ती हाती येताच भाषाही तिला पुरुषाची बिरुदे देते.

मराठीच्या दृष्टीने येथे एक लक्षणीय भेद दिसतो. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसते. त्यामुळे ‘कॅप्टन’ म्हणून बोलणारी शर्ली आपल्या वाक्यांत स्त्री आहे की पुरुष, हे क्रियापद सांगत नाही. मराठीत तिला ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ यांपैकी एक रूप निवडावेच लागेल. मूळात जी संदिग्धता सहज टिकते, तिचा निर्णय मराठी भाषांतरकाराला वाक्यागणिक करावा लागेल.

हा अधिकार ती गरिबांसाठी वापरते. परगण्यातील उपासमार पाहून ती मोठी रक्कम काढते, आणि वाटपाची योजना मिस एन्ली या वृद्ध, निर्धन, पण घरोघरचे दुःख जाणणाऱ्या अविवाहित स्त्रीकडून आखून घेते. मग तीन धर्मोपदेशकांना बोलावून, योजना त्यांचीच वाटावी अशा चातुर्याने ती संमत करविली जाते. शर्लीच्या औदार्यामागे करुणेबरोबर भयही आहे, आणि ती ते लपवीत नाही. गरीब जमावाने उठले तर आपण मालमत्तेच्या रक्षणासाठी त्यांच्यावर उलटू, हे तिला ठाऊक आहे; ती वेळ येऊ नये म्हणून आधीच द्यावे, असे ती म्हणते. दानाची इतकी निखळ मीमांसा त्या काळच्या कादंबरीत विरळाच.

त्या दानाची मर्यादाही लेखिकेने दाखविली आहे. विल्यम फॅरन हा बेकार कामगार मूरकडे भिक्षा मागत नाही. यंत्रे जरा सावकाश आणा, एवढेच त्याचे म्हणणे. मूर ते नाकारतो, मात्र पुढे त्याच्याच शब्दावरून फॅरनला दुसऱ्याच्या बागेत काम मिळते. शर्लीच्या निधीने काही घरांच्या चुली पेटल्या, पण बेकारीचे कारण हटले नाही, आणि गिरणीवरील हल्लाही टळला नाही. जून १८१२ मध्ये व्यापारनिर्बंध रद्द झाले तेव्हाच साठलेला माल हलू लागला आणि मूर सावरला. म्हणजे मंदीचा निकाल शेवटी शासनाच्या निर्णयाने लागला. दान केवळ मधल्या दिवसांपुरते होते.

कादंबरीचा शेवट या दृष्टीने वाचला पाहिजे. शर्ली आपला पूर्वीचा शिक्षक लुई मूर याच्याशी विवाह ठरविते, आणि विवाहापूर्वीच कारभाराची सूत्रे त्याच्याकडे जाऊ देते. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये, वेगळी कायदेशीर तजवीज नसल्यास, पत्नीच्या जमिनीचे उत्पन्न व ताबा पतीकडे जाई. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता राखण्याचा व्यापक अधिकार १८८२ च्या कायद्याने मिळाला. अशा स्थितीत ‘कॅप्टन’ हे बिरुद अविवाहित वर्षांपुरतेच टिकणारे होते. जिच्या दानाने परगणा काही काळ तगला, तिचा देण्याचा अधिकार तिच्या मनातील दयेवर अवलंबून नव्हता. तो मालकीहक्कावर अवलंबून होता. सुखान्त प्रेमकथेच्या आवरणाखाली ‘शर्ली’ने हे स्पष्ट केले आहे, आणि म्हणूनच ती केवळ दयाळू नायिकेची कथा ठरत नाही.