पाणबुडी बांधणारे हात

कर्जत-खोपोलीहून निघालेली सीएसएमटी लोकल अंबरनाथला थांबते. तिथे डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. खालापुरातून बोरघाट चढून गेलं की लोणावळ्याला आयएनएस शिवाजी लागतं. नौदलाचे अभियंते इथे घडतात. आणि लोकलच्या शेवटच्या टप्प्यावर, मुंबईत, माझगाव डॉक ही गोदी. समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या कर्जत-खोपोली पट्ट्याच्या दोन्ही अंगांना पाणबुडीचं काम चालतं, पण इथल्या तरुणांपर्यंत त्याची माहिती क्वचितच पोहोचते.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीनशे मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे तीनशे टनांचा भार असतो. तो पेलतो प्रेशर हल, म्हणजे आतून पोलादी कड्यांनी आवळलेलं लांबलचक नळकांडं. त्याची गोलाई जराशी जरी बिघडली तरी दाब सारखा वाटला जात नाही आणि हल अपेक्षेपेक्षा कमी खोलीवर चेपू शकतो.

खरी परीक्षा जोडांची. पावसाळ्यात रॉड दमट झाला की वेल्डिंग बिघडतं, हे खोपोलीतला कुठलाही जुना वेल्डर सांगेल. पाणबुडीच्या उच्च ताकदीच्या पोलादात तर हा ओलावा घातकच. त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी एक-दोन दिवसांनीसुद्धा, आतल्या आत तडा जातो. म्हणून प्लेट आधी तापवायची, रॉड भट्टीत तीनशे अंशांच्या पुढे भाजून गरमच ठेवायचे, जोड पूर्ण झाला की थांबायचं आणि मगच अल्ट्रासोनिक नाहीतर एक्स-रे तपासणी करायची. दोष सापडला की तेवढा भाग कोरून काढून पुन्हा भरायचा. आयटीआयचा वेल्डर कोर्स एका वर्षाचा असतो. अशा जोडावर बसवण्याइतका हात तयार व्हायला पुढे कित्येक वर्षं जातात.

हे हात आपण एकदा तयार केले होते. 1981 मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कील शहरात बांधल्या, दोन माझगावात. ‘शल्की’ 1992 मध्ये आणि ‘शंकुल’ 1994 मध्ये नौदलात दाखल झाली. दरम्यान या व्यवहारातल्या दलालीच्या आरोपांवरून वादळ उठलं होतं, आणि पुढच्या पाणबुड्या आल्याच नाहीत. फ्रेंच स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला तो थेट 2005 मध्ये! मधल्या अकरा वर्षांत हलवर काम केलेले कारागीर पांगले, निवृत्त झाले. यंत्रं झाकून ठेवता येतात. कसब मात्र रोजच्या कामातच टिकतं, आणि जुन्या माणसाशेजारी नवा उभा राहिला तरच पुढे जातं.

ब्रिटनसारख्या मुरलेल्या देशालाही हे चुकलं नाही. ‘व्हॅनगार्ड’ वर्गाच्या पाणबुड्यांनंतर बॅरोच्या गोदीतलं काम आटलं, अनुभवी माणसं गेली आणि ‘अ‍ॅस्ट्यूट’ बांधताना अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोटची मदत घ्यावी लागली. ती पाणबुडी कित्येक वर्षं रखडली.

माझगावची सहावी स्कॉर्पीन ‘वाघशीर’ 15 जानेवारी 2025 रोजी नौदलात आली. रायगडच्याच किनाऱ्यासमोरच्या किल्ल्याचं नाव मिरवणारी ‘खांदेरी’ याच मालिकेतली. पुढच्या सहा पाणबुड्यांची निविदा 2021 मध्ये निघाली. जर्मन कंपनीला साथीला घेतलेल्या माझगाव डॉकशी वाटाघाटी सुरू व्हायला 2025 उजाडलं. ही दिरंगाई मला गंभीर वाटते. एका पाणबुडीचा हल पूर्ण होत असताना दुसरीचं पोलाद कापायला घेतलेलं असलं पाहिजे.

निदान एक काम हाताशी आहे. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी काही दिवसांनी हवेची नळी पृष्ठभागावर काढावी लागते आणि तिथेच ती शत्रूच्या नजरेत येते. ही गरज कमी करण्यासाठी अंबरनाथच्या प्रयोगशाळेने फ्युएल सेलवर चालणारी यंत्रणा विकसित केली. तिच्यासाठी लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो. जमिनीवरच्या नमुन्याची निर्णायक चाचणी मार्च 2021 मध्ये पार पडली आणि डिसेंबर 2024 मध्ये माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटींचा करार झाला. ही यंत्रणा बसवण्यासाठी बांधून झालेली पाणबुडी आडवी कापायची, मध्ये नवा तुकडा घालायचा आणि दोन्ही बाजूंनी गोल जोड मारायचे. ते जोडही तितक्याच खोलीचा दाब सोसणार आहेत.