बोंडातला प्रश्न: वर्ध्याची नई तालीम आणि विचार करायला शिकणं

इयरफोन लावलेत ना? मग आधी दोन प्रश्न घ्या.

पहिला: कापूस कोणत्या मातीत चांगला येतो? काळ्या. झालं!

दुसरा: घरचा एक क्विंटल कापूस तसाच विकायचा, की जिनिंग करून रुई आणि सरकी वेगळी विकायची? आता आपण थांबतो. पहिल्याला पाठांतर पुरतं, दुसऱ्याला डोकं लावावं लागतं.

अमेरिकेतल्या बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली हा फरक पायऱ्यांमध्ये मांडला. २००१ मध्ये त्यात सुधारणा झाली. आता त्या सहा पायऱ्या अशा: आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं, पारखणं आणि नवं घडवणं. वरच्या तीन म्हणजे उच्चस्तरीय विचारकौशल्यं.

पण मला आज आपल्या वर्ध्याबद्दल बोलायचंय. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला: सात वर्षं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तउद्योगाभोवती गुंफलेलं. हीच नई तालीम. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ती प्रत्यक्षात आणली.

यात टकळी फक्त सूत काढायला नव्हती. सूत का तुटलं? पिळ कमी पडला की पेळू नीट नव्हता? एकच गोष्ट बदलून पुन्हा कातून बघा. हे झालं विश्लेषण. किती वेळात किती सूत निघालं, हे गणित. गिरण्या आल्यावर कातणाऱ्यांचं काय झालं, हा इतिहास.

पण एक धोका होता. शाळेचा खर्च मुलांच्या मालातून निघावा, यावर भर दिला तर वर्गाचा कारखाना व्हायचा. हात चालणार, डोकं बंद! समितीनेच अहवालात हा इशारा दिला होता. म्हणून माझं मत असं, की नुसतं हाताला काम देऊन विचार येत नाही. कामात अडलेला प्रश्न मुलाने स्वतः सोडवला, तरच येतो.

सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळेत ही वाट पुन्हा चालू आहे. तिथे शेती, सूतकताई, स्वयंपाक हेही शिकण्याचाच भाग.

आता तुमच्यासाठी. कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. आजचे तिन्ही भाव शोधा. जिनिंगचा आणि गाडीचा खर्च धरा. मग ठरवा, कसं विकलेलं परवडतं, आणि घरी बाबांना कारणासकट सांगा. ते म्हणतील, "पण एवढ्याशा मालाला जिनिंगवाला उभा करेल का?" छान! मग चार शेतकरी एकत्र आले तर? इथूनच तुमची सहावी पायरी सुरू होते.

हिशोब जमला की कळवा. भेटू पुढच्या भागात!