अशक्याचा भार आणि देवावरचा भरवसा

‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण आळशी माणसाला उद्देशून वापरतो. देवावर भरवसा ठेवा असे कोणी सांगू लागला, की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम हीच म्हण उभी राहते. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मनात तर ती हटकून येते. तेव्हा अशक्य वाटणारी गोष्ट देवावर सोपवावी ही जी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे, तिचा अर्थ हातपाय न हलवता बसून राहावे असा आहे की काय, हे आज आपण नीट तपासून पाहू.

या शिकवणीचे मूळ शुभवर्तमानातील एका प्रसंगात आहे. एक सधन माणूस येशूकडे येतो. आपण सर्व आज्ञा पाळल्या आहेत असे तो सांगतो. येशू त्याला म्हणतो की, आहे ते विकून गरिबांना वाट आणि माझ्यामागे ये. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. त्यावर येशू उंटाचा आणि सुईच्या नेढ्याचा दृष्टांत देतो. मग तरणार तरी कोण, असे शिष्य विचारतात. तेव्हा, माणसाच्या आवाक्यात हे नसले तरी देवाच्या आवाक्यात आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे ‘अशक्य’ म्हणजे एखादा चमत्कार नव्हे. पैशावरची माणसाची मूठ सैल होणे, हेच ते अशक्य!

ही शिकवण व्यवहारात कशी उतरते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ते म्हणजे पंडिता रमाबाई. 1858 साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी जन्मलेल्या या विदुषीने लहान वयातच आईबाप आणि बहीण दुष्काळात गमावली. पुढे भाऊ गेला. 1882 साली पतीही गेले. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 साली मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. अमेरिकेतील मंडळीनी दहा वर्षे खर्च देण्याचे वचन दिले होते. 1893 साली सदनात धर्मप्रसार होतो असा आक्षेप निघाला, सल्लागार मंडळ बाजूला झाले आणि अनेक मुली घरी नेण्यात आल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते; त्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

पुढची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. आपला नागरा त्या काळी भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा जिल्हा मध्यप्रांतात. त्याच मध्यप्रांतावर 1896-97 चा भीषण दुष्काळ कोसळला. रमाबाई तेथे गेल्या. उपाशी, निराधार मुली पाहून त्यांना स्वतःचे बालपण आठवले आणि त्यांनी सुमारे तीनशे मुलींना आश्रय देण्याचे ठरविले. अमेरिकेच्या वचनाची मुदत 1898 मध्ये भरत होती, आणि ते वचन होते शारदा सदनासाठी. या नव्या मुलींच्या जेवणाची हमी त्यात कोणी दिलेली नव्हती. शिवाय पुण्यात प्लेगची साथ होती. हिशेब मांडणाऱ्या कोणत्याही शहाण्या माणसाने ‘हे होणे नाही’ असेच म्हटले असते.

परंतु देवावर भरवसा ठेवणारी ही बाई खाटल्यावर बसून राहिली नव्हती. दहा वर्षांनंतर सदन कशावर चालेल, या विचाराने त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. तेथेच मुलींना नेले आणि ‘मुक्ती’ उभी राहिली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. संस्थेतील माणसांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. विणकाम, शेती, गुरांची निगा, छापखाना ही सर्व कामे बायका शिकल्या. ब्रिस्टल येथे अनाथालये चालवणारे जॉर्ज म्यूलर यांचा कित्ता रमाबाईंपुढे होता. ठरलेल्या उत्पन्नाची हमी मागायची नाही, प्रार्थना करायची आणि कामाला लागायचे, अशी ती रीत. अर्थात पैसा आकाशातून पडत नव्हता. तो माणसांच्याच खिशातून येत होता. पण शुभवर्तमानातल्या प्रसंगाचा अर्थही हाच नव्हे काय? माणसाची मूठ सुटणे, हेच तर तेथे देवाचे काम म्हटले आहे.

या भरवशातून आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे निर्भयता. 1897 साली प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी हेळसांड होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. ते प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोचले. ज्याची भाकर सरकारच्या मर्जीवर अवलंबून आहे त्याला असे लिहिणे जड जाते.

मात्र भरवसा ठेवला म्हणजे मागितलेले सारे मिळते, असे कोणी समजू नये. आपल्यामागे संस्था सांभाळील अशी ज्या मुलीकडून, मनोरमेकडून, अपेक्षा होती, ती 1921 साली आईच्या आधी गेली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी टाकले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले आणि 1924 साली संपूर्ण बायबल केडगावच्याच छापखान्यात छापून निघाले. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनेही दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली होती. तो टळला नाही. फळ काय मिळेल हे न ठरवता भार उचलणे, हा या भरवशाचा गाभा आहे.

शेवटी एक इशारा देणे मला अवश्य वाटते. हा भरवसा ज्याने त्याने स्वतःपुरता ठेवायचा असतो. दुसऱ्यावर तो लादता येत नाही. बिड्या वळणाऱ्या बाईला हजारामागचा तिचा ठरलेला दर न देता ‘देव पाहून घेईल’ असे सांगणे ही श्रद्धा नव्हे, ती लबाडी आहे. रमाबाईंनी धोका स्वतःच्या शिरावर घेतला आणि मुलींच्या ताटात भाकर वाढली. देवाचे नाव घेऊन कोणी आपल्यापुढे आला, तर त्याने भार कोणाच्या खांद्यावर ठेवला आहे एवढे पाहावे. खरा भरवसा कोणता आणि ढोंग कोणते, हे तेवढ्यावरून कळते.