अठरा विरुद्ध अठरा

१० डिसेंबर २००१ रोजी त्रिनिदाद आणि टोबॅगोत मतदान झालं. ३६ जागांपैकी १८ पंतप्रधान बासदेव पांडे यांच्या युनायटेड नॅशनल काँग्रेसला मिळाल्या आणि १८ पॅट्रिक मॅनिंग यांच्या पीपल्स नॅशनल मूव्हमेंटला. तिसऱ्या पक्षाचा एकही सदस्य नाही, अपक्षही नाही. दोघांचे गड जुने होते. मध्य आणि दक्षिण त्रिनिदादचा उसाचा पट्टा पांडे यांचा. १८४५ पासून आलेल्या भारतीय गिरमिटियांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने राहतात. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन आणि तिच्या आसपासची आफ्रिकी वंशीयांची वस्ती मॅनिंग यांची. एरवी मधल्या मोजक्या मतदारसंघांवर निकाल ठरायचा. या वेळी तिथेही तो ठरला नाही, आणि सरकार कोणाचं हा प्रश्न राष्ट्राध्यक्ष आर्थर रॉबिन्सन यांच्या टेबलावर आला.

१९६२ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश १ ऑगस्ट १९७६ रोजी प्रजासत्ताक झाला. ब्रिटिश राणीच्या जागी राष्ट्राध्यक्ष आला, बाकी सांगाडा वेस्टमिन्स्टरचाच राहिला. अपिलाचं अखेरचं न्यायासन आजही लंडनची प्रिव्ही कौन्सिलच आहे. कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसचं मुख्यालय पोर्ट ऑफ स्पेनमध्ये असूनही. राष्ट्राध्यक्षाची निवड दोन्ही सभागृहांचे सदस्य मिळून गुप्त मतदानाने करतात. आपल्याकडे राज्यसभेतल्या नामनियुक्त सदस्यांना राष्ट्रपतिपदासाठी मत नसतं. तिथे मात्र ३१ जणांचं सेनेट सगळंच नेमलेलं, आणि त्यातल्या प्रत्येकाला मत आहे. १६ सदस्य पंतप्रधानांच्या सल्ल्याने येतात, ६ विरोधी पक्षनेत्याच्या. उरलेले ९ राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या विचाराने नेमतात. या नऊ अपक्ष सेनेटरांची तरतूद मला या राज्यघटनेतली सर्वांत शहाणी तरतूद वाटते, कारण पक्षाची चौकट नको असलेल्या जाणत्या माणसाला तिच्यामुळे कायदेमंडळात बोलता येतं.

रॉबिन्सन आणि पांडे यांचा इतिहास मात्र कोणत्याही घटनाकाराच्या कल्पनेपलीकडचा. १९८६ मध्ये रॉबिन्सन यांच्या आघाडीने मूव्हमेंटची तीस वर्षांची सत्ता ३३ विरुद्ध ३ अशी उलथली. साखर कामगारांचे नेते पांडे त्या मंत्रिमंडळात होते. १९८८ मध्ये रॉबिन्सन यांनी त्यांना काढलं आणि पांडे यांनी वेगळा पक्ष उभारला. २७ जुलै १९९० रोजी जमात अल मुस्लिमीन या मुस्लिम गटाचे बंदूकधारी संसद भरत असलेल्या रेड हाउसमध्ये घुसले. लष्कराला थांबायला सांगा, असं पंतप्रधान रॉबिन्सन यांना बंदुकीच्या धाकाने फर्मावलं गेलं. त्यांनी पूर्ण ताकदीने हल्ला करायला सांगितलं आणि पायात गोळी खाल्ली.

१९९५ मध्ये निकाल लागला १७, १७ आणि २. ते दोन टोबॅगोचे, रॉबिन्सन यांच्या पक्षाचे. त्यांच्या पाठिंब्यावर पांडे हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले आणि १९९७ मध्ये त्यांच्याच बहुमतावर रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष. पण २००० च्या निवडणुकीनंतर पांडे यांनी पराभूत उमेदवारांपैकी सात जणांना सेनेटमध्ये घ्यायचं ठरवलं, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी ती नेमणूक कित्येक आठवडे रोखून धरली. लोकांनी नाकारलेला माणूस मागच्या दाराने मंत्री होऊ नये, हा त्यांचा मुद्दा समजण्यासारखा होता. पंतप्रधानांचा सल्ला बंधनकारक असताना तो अडवण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता, असं मी म्हणेन.

अशा दोघांमध्ये १८-१८ चा पेच पडला. राज्यघटनेचं ७६ वं कलम सांगतं: कोणत्याच पक्षाकडे बहुमत नसेल, तर ज्या सदस्याला बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा मिळण्याची सर्वाधिक शक्यता राष्ट्राध्यक्षांना वाटेल, त्याला नेमावं. पांडे सत्तेवर होते, एकूण मतंही त्यांच्या पक्षाला जास्त होती. २४ डिसेंबरला रॉबिन्सन यांनी मॅनिंग यांना नेमलं. कारण दिलं राज्यघटनेच्या उद्देशिकेतल्या नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यांचं. अधिकार निःसंशय त्यांचा होता. पण कलमाने विचारलं होतं की पाठिंबा कोणाला मिळेल. त्यांनी उत्तर दिलं ते लायक कोण याचं. पांडे यांच्या मतदारांना त्यात आपल्यावरचा ठपका दिसला, आणि वंशावर विभागलेल्या समाजात असा ठपका एका नेत्यापुरता राहत नाही.

पाठिंब्याचा प्रश्न तसाच राहिला. एप्रिल २००२ मध्ये प्रतिनिधिगृह भरलं आणि सभापतीच निवडता आला नाही. ऑगस्टमध्येही तेच. सभापती नाही म्हणून कामकाज नाही, आणि अर्थसंकल्प मंजूर करायलाही कोणी नाही. शेवटी ७ ऑक्टोबरला पुन्हा निवडणूक झाली: मॅनिंग २०, पांडे १६.

पुढे, २००७ च्या निवडणुकीपासून, जागा ४१ झाल्या. विषम आकडा, बरोबरी टळली. टोबॅगोने मात्र हा धडा उशिरा घेतला. तिथल्या स्वायत्त विधानसभेत १२ जागा होत्या. जानेवारी २०२१ मध्ये निकाल लागला ६-६. जागा १५ कराव्या लागल्या आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं.

पण विषम आकडा दोनच पक्ष असतील तोवर पुरतो. एप्रिल २०२५ मध्ये कमला पर्सद-बिसेसर यांच्या नेतृत्वाखालच्या युनायटेड नॅशनल काँग्रेसला २६, मूव्हमेंटला १३ आणि टोबॅगो पीपल्स पार्टीला त्या बेटावरच्या दोन्ही जागा मिळाल्या. या वेळी फरक मोठा होता. उद्या त्रिनिदादच्या ३९ जागा २० आणि १९ अशा विभागल्या, तर बहुमताला लागणारे २१ कोणाकडेच नसतील. तेव्हा सरकार कोणाचं हे पुन्हा टोबॅगोचे दोन सदस्य ठरवतील. आणि त्यांनी ठरवलं नाही, तर ७६ व्या कलमाचा अर्थ पुन्हा एकटे राष्ट्राध्यक्ष लावतील.