माशाच्या काट्याची फरशी : आधी ओल पाहा, मग नक्षी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये गेल्या काही वर्षांत अनेक घरे पक्की झाली. कोणाचे रमाई आवास योजनेतून झाले, कोणाचे प्रधानमंत्री आवास योजनेतून. कोणी भिवंडीच्या गोदामात, मुरबाडच्या एमआयडीसीत राबून, भिशी लावून, पतपेढीचे कर्ज काढून बांधले. भिंती उभ्या राहतात, स्लॅब पडतो आणि शेवटी प्रश्न येतो जमिनीचा. फरशी कोणती घालायची? नेमका याच टप्प्यावर हातातला पैसा संपत आलेला असतो आणि घरात मतेही सर्वांत जास्त याच टप्प्यावर पडतात.

पूर्वी या प्रश्नाला दोन-तीनच उत्तरे होती. आता मुलगा किंवा सून मोबाइलवर फोटो दाखवते. लाकडासारख्या दिसणाऱ्या आखूड पट्ट्या एकमेकींना काटकोनात टेकवून, तिरक्या रांगांनी लावलेल्या असतात. कल्याणच्या दुकानात विचारले की दुकानदार त्या मालाला ‘लक्झरी व्हिनाइल’ म्हणतो आणि त्या नक्षीला ‘हेरिंगबोन’. हेरिंग हा एक समुद्री मासा. मधला काटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तिरके काटे, तशी ही नक्षी दिसते. आपण तिला सरळ माशाचा काटा म्हणू. आपल्या घरात ती नवीन नाही. बांबूची चटई किंवा सूप उजेडात धरून पाहा, त्याची तिरकी वीण बरीचशी अशीच दिसते.

ही फरशी दिसायला सुंदर आहे यात वाद नाही. आपल्या पावसाच्या मुलखात, जमिनीवरच्या बैठ्या घरात ती टिकेल का, आणि टिकायची असेल तर आधी काय करावे लागेल, हे पैसे मोजण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

शेणापासून फरशीपर्यंत

आपल्या आईच्या, आजीच्या काळात कारवीच्या कुडाच्या घरात मुरूम-मातीची जमीन असे. पाणी मारून, चोपण्याने चोपून ती घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. ती थंड असे, फुकट असे. पण त्यामागे बाईची कंबर मोडत असे. शेण आणा, कालवा, ओणवे होऊन सारवा, वाळेपर्यंत मुलांना बाहेर ठेवा. सणावाराला, पाहुण्यांच्या आधी, मयताच्या नंतर पुन्हा तेच. त्यामुळे सिमेंटचा कोबा आला तेव्हा सर्वांत आधी सुटका झाली ती घरातल्या बाईची. पुढे कर्नाटकातल्या शहाबादची फरशी आली, राजस्थानचा कोटा आला, मोझॅक आली आणि मग चकचकीत टाइल्स आल्या.

आपल्या घरात जमिनीवर जगणे चालते. जेवण, अभ्यास, झोप, पाहुण्यांची बैठक, आजारी माणसाचे अंथरूण, बाळाचे रांगणे सारे तिथेच. ज्या घरात खुर्च्या-टेबले, पलंग कमी, त्या घरात फरशी हेच मुख्य सामान. म्हणून फरशीवर विचार करून पैसा घालणे ही चैन म्हणता येणार नाही. मात्र तो विचार खालून वर जाणारा असावा.

हा माल नेमका काय आहे

जमिनीवर अंथरायचा असा माल प्रथम इंग्लंडमध्ये निघाला. फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६३ साली लिनोलियमचे पेटंट घेतले. ते जवसाचे तेल आटवून, त्यात बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा मिसळून, तागाच्या कापडावर थापलेले असे. पुढे १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी पीव्हीसी हे कडक प्लॅस्टिक मऊ करण्याची रीत शोधली आणि १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात व्हिनाइलच्या लाद्या लोकांपुढे आल्या. आज आपल्या बाजारात गुंडाळीने मिळणाऱ्या पातळ छापील मालाला काही जण अजून ‘लिनोलियम’ म्हणतात, पण तो बहुतेक वेळा पीव्हीसीच असतो.

लक्झरी व्हिनाइल त्याच घराण्यातला, पण जाड आणि थरांचा. खाली पीव्हीसीचा गाभा, त्यावर लाकडाचा छापलेला फोटो, त्यावर झिजेपासून वाचवणारा पारदर्शक थर. म्हणजे यात लाकूड नाही, लाकडाचे चित्र आहे. याचे मुख्य दोन प्रकार. एक, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, गोंदाने चिकटवायचा. दुसरा, चार ते सहा मिलिमीटरचा, ज्याच्या गाभ्यात चुनखडीची भुकटी असते आणि पट्ट्या एकमेकींत खाचेने अडकतात. याला दुकानात ‘एसपीसी’ म्हणतात.

हा माल पायाला टाइलइतका गार लागत नाही, चालताना आवाज कमी होतो, भांडे पडले तर सहसा फुटत नाही. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो बरा वाटतो. पण फक्त गारठ्यासाठी एवढा खर्च करण्याची गरज नाही. म्हशाच्या जत्रेतले घोंगडे अंथरले तरी ते काम भागते.

नक्षीची ताकद कुठे, शोभा कुठे

माशाच्या काट्याची नक्षी रोमन लोकांनी विटांच्या फरशीत वापरली. रोममधल्या ट्रॅजनच्या बाजारात सुमारे १,९०० वर्षांपूर्वीची अशी फरशी आजही दिसते. फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध घुमट १४२० ते १४३६ या काळात बांधताना ब्रुनेलेस्की यांनी विटा याच पद्धतीने रचल्या. कारण सोपे आहे. तिरक्या लावलेल्या विटा एकमेकींना अडवून धरतात, कोणतीही एक सहजासहजी सरकत नाही. म्हणूनच गाडी चालणाऱ्या अंगणात पेव्हर ब्लॉक याच नक्षीत बसवतात.

व्हिनाइलमध्ये हा गुण कामाला येत नाही. तिथे नक्षी निव्वळ शोभेची. पातळ पट्टीला स्वतःची ताकद नसते, ती खालच्या जमिनीवर टिकते. खालची जमीन ओली असेल तर पट्टी सुटणार, उंचसखल असेल तर खाचा तुटणार. सरळ रांगांच्या फरशीपेक्षा माशाच्या काट्यात सांधे जास्त, त्यामुळे दोषही जास्त ठिकाणी दिसणार.

जमिनीला सुटणारा घाम

तानसा आणि भातसा या मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांचा हा मुलूख. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शेताच्या कडेला, उताराला बांधलेल्या घराखालची माती तीन-चार महिने ओलीच असते. ती ओल कोब्यातून हळूहळू वर येते. शेणाची जमीन ती ओल हवेत सोडून देत असे. व्हिनाइल मात्र प्लॅस्टिक आहे, ते वरून झाकण घालते. मग ओल खाली कोंडते, गोंद मऊ पडतो, कडा उचलतात, बुरशी धरते आणि घरात कुबट वास भरतो. खाचेची एसपीसी स्वतः पाण्याने फुगत नाही, पण तिच्याखालीही बुरशी धरतेच.

मी पाहिलेले एक घर सांगतो, गाव सांगत नाही. भिशीचा नंबर लागला म्हणून मुलाने माघात पुढच्या खोलीत चिकटवायची फरशी घातली. लग्न जवळ आले होते. आजी म्हणत होत्या, “अरे बाबा, आखाडात या जमिनीला घाम सुटतो, मी चाळीस वर्षं पुसतेय.” कोणी ऐकले नाही, कारण माघात जमीन खडखडीत होती. आषाढात दाराजवळच्या पट्ट्या उचलल्या, श्रावणात हाताने निघू लागल्या. खाली काळा थर होता. नवी सून रोज सकाळी पट्ट्यांवर पाट्याचा दगड ठेवून त्या दाबत बसे. भिशीचे हप्ते मात्र पुढे वर्षभर चालूच होते. फरशी वाईट नव्हती, कारागीरही वाईट नव्हता. जमिनीखाली ओल अडवणारा थर नव्हता, एवढेच.

म्हणून घर नवे बांधत असाल तर हे काम पायाच्या वेळीच करून घ्या. जोते आजूबाजूच्या जमिनीपासून किमान दीड फूट उंच ठेवा. आत भर घालून, पाणी मारून, ठोकून घ्या. त्यावर दगडाची सोलिंग, वर वाळू किंवा बारीक कचीचा थर आणि मग काँक्रीटच्या खाली जाड प्लॅस्टिकचा कागद पसरा. तो २५० मायक्रॉनचा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत १,००० गेजचा असावा. जोडावर सहा इंच एकावर एक घ्या आणि कडा भिंतीला वर वळवा. सगळ्या घरखर्चात हा कागद फार थोड्या पैशाचा, पण नंतर तो घालता येत नाही.

घर जुने असेल तर पावसाळ्यात परीक्षा करा. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि पूर्ण दिवस-रात्र तसाच राहू द्या. खोलीच्या मध्ये, भिंतीजवळ आणि दाराजवळ अशा तीन ठिकाणी हे करा. खालून थेंब धरले किंवा कोबा काळसर पडला, तर तिथे व्हिनाइल घालू नका. आधी घराबाहेर चर काढून पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर न्या. एवढ्यानेही पुष्कळ घरांची ओल कमी होते.

परीक्षा उन्हाळ्यात घेऊन समाधान मानू नये. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला जरूर विचारावे. कोणत्या कोपऱ्याला ओल येते हे तिला पाठ असते.

माप आणि खोक्यांचा हिशेब

घरकुल योजनेतले घर साधारण २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे. सगळीकडे ही फरशी घालण्याचे कारण नाही. समजा पुढची खोली १० बाय १२ ची आहे. क्षेत्रफळ १२० चौरस फूट. सरळ रांगांनी लावली तर तूट ५ टक्के धरा, माल लागेल १२६ चौरस फूट. माशाच्या काट्यात भिंतीशी प्रत्येक पट्टी कापावी लागते, म्हणून तूट १५ टक्के धरा, माल लागेल १३८. खोक्यावर १८ चौरस फूट लिहिले असेल तर सरळ रांगांना ७ खोकी, नक्षीला ८. शिवाय नक्षीला कारागिराची मजुरी जास्त पडते. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडा, घरातल्या सगळ्यांना दाखवा आणि मगच ठरवा.

लहान खोलीत आखूड आणि अरुंद पट्टी घ्यावी. लांब पट्टीची नक्षी पुरती उमटण्याआधीच भिंत येते. नक्षीचे टोक दारातून आत, खोलीच्या लांबीकडे जाणारे ठेवले तर खोली मोठी वाटते. काम भिंतीपासून सुरू करू देऊ नका. खोलीच्या मधोमध दोरी मारून तिथून सुरुवात करायला सांगा. कोपरे गुण्यात आहेत का हेही पाहा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर ५ फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. जमिनीवर सहा फुटी सरळ पट्टी ठेवून पाहा. खाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी जमीन सपाट करून घ्या.

कुठे घालू नये

चूल पेटते तिथे ही फरशी नको. गरम तवा, कुकर खाली ठेवला की डाग पडतो, आणि पीव्हीसी पेटले तर त्याचा धूर घशाला आणि डोळ्यांना घातक असतो. मोरी, न्हाणी, बाहेरची पडवी आणि सतत ऊन येणारी जागाही नको. स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा, विळी, खलबत्ता यांची जागा असते, तिथे खरबरीत टाइल किंवा कोटा बरा. रबराच्या पायपुसण्याने व्हिनाइलवर पिवळे डाग पडतात, सुती गोणपाट वापरा. बादलीने पाणी ओतून धुण्याची सवय सोडावी लागेल. पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसणे पुरते.

आणि जमीन ओलीच आहे, पण नक्षी हवीच आहे, तर तिलाही मार्ग आहे. लाकडी दिसणाऱ्या टाइलच्या पट्ट्या मिळतात, त्या सिमेंटमध्ये याच नक्षीत बसवता येतात आणि ओलीला घाबरत नाहीत. चकचकीत न घेता खरबरीत घ्याव्यात, म्हणजे पाय घसरणार नाही. अंगणात तर विटाच लावता येतात. आपल्या या भागात वीटभट्ट्यांची कमी नाही. ज्या कातकरी कुटुंबांच्या हातून या विटा थापल्या जातात, त्यांच्या स्वतःच्या झोपडीत मात्र मातीचीच जमीन असते, हेही या निमित्ताने ध्यानात असू द्यावे.

दुकानात विचारायचे

वरचा पारदर्शक थर किती मिलिमीटरचा? घरासाठी ०.३ चालतो, वर्दळ जास्त असेल तर ०.५ घ्यावा. सगळी खोकी एकाच लॉटची आहेत का? खाचेची फरशी असेल तर डाव्या आणि उजव्या अशा दोन प्रकारच्या पट्ट्या सारख्या संख्येने दिल्या आहेत का? भिंतीलगत फुगायला किती जागा सोडायची? रांगत्या बाळाच्या घरासाठी थॅलेट नसलेला माल आहे का? ओलीमुळे निघाली तर हमी लागू होते का? हे शेवटचे उत्तर बिलावर लिहून मागा. बहुतेक हमीपत्रांत ओल वगळलेली असते. पक्के बिल घ्या आणि एक जादा खोके जपून ठेवा.

नवा कोबा २८ दिवस पाणी मारून झाला की पुढे महिना-दोन महिने उघडा सुकू द्या. दिवाळी ते होळी हा फरशी घालण्याचा चांगला काळ. लग्न जवळ आले म्हणून घाई करू नका. या पावसाळ्यात फक्त प्लॅस्टिकचा तुकडा लावून जमीन तपासा, आणि तोवर भिशीचे पैसे बँकेत राहू द्या.