मँगनीज आणि ग्राफीन : विजेची नवी सांठवण



टॉर्चमधील संपलेला साधा सेल ज्यानें कधीं फोडून पाहिला असेल, त्यास जस्ताच्या डबींत ठासलेली काळी भुकटी आठवत असेल. ती मँगनीज डायॉक्साइड व कोळसा यांची. कोंढ्याकडे आम्ही भात पिकवितों. पण आमच्याच भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यांत, डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजची उघडी खाण आहे. तेथील खनिज सेलच्या धंद्यांत वापरतात. त्याच काळ्या द्रव्यास ग्राफीनची जोड देऊन विजेची नवी सांठवण कशी करतात, तें आज पाहूं.

वीज सांठविण्याच्या दोन रीती आहेत. बॅटरी कणगीसारखी : मावतें पुष्कळ, पण भरण्यास व काढण्यास वेळ लागतो, कारण तींत रासायनिक घडामोड व्हावी लागते. धारक, म्हणजे कपॅसिटर, सुपासारखा : क्षणांत भरतो, क्षणांत रिता होतो, पण मावतें थोडें, कारण विद्युद्भार केवळ पृष्ठभागास चिकटून राहतो. दोहोंचे गुण एकत्र आणणें, हा संकरित साधनाचा हेतु.

मँगनीज डायॉक्साइड पृष्ठभागानजीकच झटपट रासायनिक क्रिया करून कोळशाहून अधिक भार सांठवितें. उणीव एकच, पण मोठी : त्यांतून वीज नीट वाहत नाहीं. लेक्लांशे या फ्रेंच संशोधकाच्या १८६६ सालच्या घटांतही त्याच्या जोडीस कोळसा होता.

ग्राफीन त्याच कुळांतलें. पेन्सिलींतील ग्राफाइटचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. २००४ सालीं मँचेस्टर येथें गाइम व नोव्होसेलोव्ह यांनीं तो साध्या चिकटपट्टीनें सुटा केला. २०१० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. एका ग्रॅम ग्राफीनचा दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग, हिशेबानें, सुमारें २,६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २६ गुंठे भरतो. वीजही त्यांतून उत्तम वाहते. परंतु पापुद्रे एकमेकांस चिकटूं लागले कीं हे २६ गुंठे कागदावरच राहतात.

येथें मँगनीज उपयोगीं पडतें. त्याचे सूक्ष्म कण पाचरीप्रमाणें पापुद्रे दूर ठेवितात, आणि पापुद्रे कणांपर्यंत वीज पोंचवितात. असें विद्युदग्र एका बाजूस, सच्छिद्र कोळशाचें दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें सोडियम सल्फेटसारख्या क्षाराचें पाणी. झालें संकरित साधन.

मात्र वृत्तपत्रांत क्षणांत भरणाऱ्या बॅटरीची वार्ता आली, तर दोन प्रश्न विचारावे : द्रव्याचा थर किती जाड होता, आणि वजन कशाकशाचें धरलें? पातळ थरावर आंकडे मोठे दिसतात. थर जाड होतांच आंतलें मँगनीज बहुतांशीं निकामी राहतें. डबी, पत्रे व द्राव यांचें वजन धरलें कीं आंकडा आणखी उतरतो. म्हणून हें साधन आज लिथियम बॅटरीची जागा घेऊं शकत नाहीं. ब्रेक लागतांना गाडीची वायां जाणारी शक्ति झेलावी व पुढच्या क्षणीं परत द्यावी, असलें झटक्याचें काम त्याचें.

डोंगरी बुजुर्ग येथें विजेच्या साह्यानें शुद्ध मँगनीज डायॉक्साइड करण्याचा कारखानाही आहे. खाणीच्या तोंडाशीं वाढणाऱ्या मुलास तें काळें द्रव्य कोठें जातें आणि कां, एवढें तरी शाळेंत कळावें. खाणींत मजुरीस जाण्याची वाट त्यास ठाऊक आहे. प्रयोगशाळेची वाट आपण दाखवावयाची आहे.